ययातीचा हिशेब

चि. मुकुंद यास,

इच्छा एकदा पोटभर भोगून घ्याव्यात, मग समाधान आपसूक येईल, हा तुझा मुद्दा जुनाच आहे. महाभारताच्या आदिपर्वात ययातीने तोच प्रयोग केला. शापाने आलेले म्हातारपण आपला मुलगा पूरू याच्या गळ्यात घातले, त्याचे तारुण्य घेऊन हजार वर्षे भोग भोगले आणि अखेर कबूल केले की तूप ओतून आग विझत नाही. तू म्हणशील, मग सगळे सोडूनच देऊ. तिथे गीतेचा दुसरा अध्याय आडवा येतो: उपाशी राहिल्याने विषय दूर होतात, गोडी मात्र आत तशीच उरते. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीची वाट पाहत बसणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

तैत्तिरीय उपनिषद इथे चक्क हिशेब मांडते. तरुण, शिकलेला, धट्टाकट्टा, धनाने भरलेल्या साऱ्या पृथ्वीचा धनी, अशा माणसाचा आनंद म्हणजे एक माप. तिथून गंधर्व, पितर, इंद्र असे ब्रह्मदेवापर्यंत चढायचे. पायऱ्या दहा, दर पायरीला शंभरपट. म्हणजे एकावर वीस शून्ये! आणि प्रत्येक पायरीवर एकच पुरवणी: वेद जाणणाऱ्या ‘अकामहत’ माणसालाही एवढाच आनंद. बाकीचे चढत राहतात, हा मात्र जागेवरून हलत नाही. मी तो शब्द ‘इच्छेच्या घावाखाली न सापडलेला’ असा वाचतो. इच्छा उठेल, पण तिच्या पुरे होण्यावर त्याचा आनंद टांगलेला नसेल. समाधान ही अकरावी पायरी असती, तर तिथेही धावतच जावे लागले असते.

अशाने माणूस आळशी होईल, ही शंका खरी. पण पतंजलींनी पाच नियम सांगताना संतोषाला लागूनच तप ठेवले आहे. मिळालेल्यात तृप्त असणे आणि कष्ट उपसणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: संतोषाचा उपदेश नेहमी गरिबालाच का? ही लबाडी चालत आली आहे, हे मान्य. तरी संतोष हा नियम आहे, स्वतःने स्वतःला लावायचा. मालकाने नोकराला शिकवायचा नव्हे. आणि धर्माला न सोडणारा काम मीच, असे गीतेच्या सातव्या अध्यायात कृष्ण सांगतो. तेव्हा नव्या नोकरीचा अर्ज भर, आणि पगाराचे बोलताना संतोषाच्या नावाखाली गप्प बसू नकोस.

तुझा,
मामा