ओरखडा जातो कुठे?

पावसाळ्यातली एखादी संध्याकाळ आठवा. रत्नागिरीच्या मारुती मंदिर चौकात एक काळी मोटार उभी आहे. पावसात न्हालेली ती मोटार अशी झळकते आहे, की जणू आजच दुकानातून आणली. दुसऱ्या दिवशी ऊन पडते, मोटार वाळते आणि तीच मोटार भुरकट, म्हातारी दिसू लागते. तिच्या टपावर सूर्याचे प्रतिबिंब पडले, की त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळेच वर्तुळे दिसतात. एका रात्रीत मोटारीचे वय कसे वाढले?

माझा एक जुना विद्यार्थी आता गॅरेजमध्ये मोटारींना मशीनने पॉलिश करण्याचे काम करतो. त्याने एकदा मला विचारले, "सर, मी मशीन फिरवतो आणि ओरखडे जातात. पण जातात कुठे? भरून येतात, की पुसले जातात?" प्रश्न साधा आहे; पण त्याचे उत्तर ठाऊक नसेल, तर चांगल्या मोटारीचा रंग कायमचा वाया जाऊ शकतो. म्हणून आज आपण या ओरखड्याचा माग काढू.

काळ्यावरच अधिक का दिसतो?

आजच्या बहुतेक मोटारींच्या रंगावर अगदी वरती एक पारदर्शक थर असतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५, म्हणजे जवळजवळ काचेइतका. त्यावर प्रकाश सरळ पडला, तर किती परावर्तित होईल? दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागा आणि भागाकाराचा वर्ग करा. हवेचा अपवर्तनांक १ धरला, तर ०.५ भागिले २.५ म्हणजे ०.२ आणि त्याचा वर्ग ०.०४. म्हणजे १०० भागांपैकी केवळ ४ भाग प्रकाश पृष्ठभागावरून परत फिरतो. उरलेले ९६ भाग आत शिरतात.

आत काय घडते, हे रंगावर अवलंबून आहे. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइडचे कण आत शिरलेला बराचसा प्रकाश सर्व दिशांना विखरून बाहेर पाठवतात. (गंमत अशी, की आपल्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिज सापडते आणि त्यातल्या टायटॅनियमपासूनच हे पांढरेशुभ्र रंगद्रव्य बनवता येते!) काळ्या रंगात मात्र काजळीचे कण असतात. ते आत आलेला प्रकाश गिळून टाकतात.

आता पृष्ठभागावर ओरखडे पडले. त्यांच्या उतरत्या कडांमुळे थोडा प्रकाश भलत्याच दिशेला जातो. समजा, असा १ भाग प्रकाश आपल्या डोळ्याकडे आला. पांढऱ्या मोटारीवरून ८० भाग येतच होते, ते ८१ झाले. डोळ्याला पत्ताही लागत नाही. काळ्या मोटारीवरून जेमतेम अर्धा भाग येत होता, तो दीड झाला, म्हणजे तिप्पट! ओरखडे दोन्ही मोटारींवर सारखेच आहेत. काळी मोटार ते लपवू शकत नाही, इतकेच.

वर्तुळे खरी की भास?

एक स्टीलचे जुने ताट घ्या. अंधाऱ्या खोलीत त्यावर विजेरीचा झोत पाडा. प्रतिबिंबाभोवती बारीक वर्तुळे दिसतील. आता डोके थोडे डावीकडे न्या. वर्तुळांचा केंद्रबिंदू प्रतिबिंबाबरोबर सरकतो! ओरखडे जर खरोखरच त्या वर्तुळांत कोरलेले असते, तर ते जागचे हलले नसते.

खरी गोष्ट अशी, की ओरखडे सर्व दिशांना आडवेतिडवे पडलेले असतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक इवलीशी पन्हळ. पन्हळ आपल्या लांबीला काटकोनात प्रकाश पसरवते. त्यामुळे प्रतिबिंबाभोवती जे ओरखडे आडवे येतात, तेवढेच आपल्या डोळ्याकडे प्रकाश पाठवतात. बाकीचे अंधारात राहतात. या निवडक तुकड्यांची आपला डोळा वर्तुळे जोडतो.

मग हे ओरखडे पाडते कोण? बहुधा आपणच. मिऱ्या-भाट्याच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. मोसच्या कठिणतेच्या मापावर क्वार्ट्झ ७ वर, तर आपले नख सुमारे अडीचवर. मोटारीचा थर तर प्लॅस्टिकसारख्या बहुवारिकाचा. मालक सकाळी कोरडे फडके घेऊन धूळ झटकतो, तेव्हा तो मोटार पुसत नसतो. वाळूने घासत असतो. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी, मगच मऊ फडके लावावे, हे यामागचे कारण.

केसाहून पातळ कवच

पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग अस्तर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला पारदर्शक थर सुमारे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. तुमच्या प्रयोगशाळेतल्या स्क्रू गेजचे लघुत्तम माप १० मायक्रॉन असते, म्हणजे हा थर त्यावर चार-पाच घरांइतकाच भरेल! फडक्याने पडणारे बारीक ओरखडे त्याच्या वरच्या एक-दोन मायक्रॉनमध्ये असतात. ज्या ओरखड्यात नख अडकते तो याहून फार खोल असतो आणि त्यावर पॉलिशचा उपाय चालत नाही.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. जांभ्याच्या चिऱ्यावर खाच पडली, तर गवंडी ती भरत नाही. तो सगळी बाजू खाचेच्या तळापर्यंत तासून काढतो. पॉलिश म्हणजे नेमके हेच. ओरखडा कुठेच जात नाही. त्याच्या भोवतालचा थर खाली येतो. पॉलिशच्या लेपात ॲल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाची पूड असते. ती थर खरवडते, म्हणजे स्वतःही ओरखडेच पाडते! फक्त ते इतके बारीक असतात, की दिसत नाहीत. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात काचेच्या पॉलिशबद्दल हेच सांगितले आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. खाचा याहून बऱ्याच उथळ झाल्या, की प्रकाशाच्या लेखी पृष्ठभाग सपाट!

म्हणूनच पॉलिश पायऱ्यापायऱ्यांनी करतात: आधी थोडी जाड पूड, मग बारीक. मोझॅकची लादी घासताना पाहिली असेल, तर हा क्रम ओळखीचा वाटेल. पुण्याच्या 'आयुका' संस्थेच्या दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळांतही आरसा याच क्रमाने घासतात. शेवटचा हात सेरियम ऑक्साइडचा असतो.

मशीनची ताकद आणि धोका

मशीनवर स्पंजाची किंवा लोकरीची गोल गादी असते. समजा, गादीचा व्यास १५ सेंटिमीटर आहे आणि ती मिनिटाला १५०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला २५ फेरे. परीघ सुमारे ४७ सेंटिमीटर. तर काठाचा वेग सेकंदाला जवळजवळ १२ मीटर, म्हणजे ताशी ४२ किलोमीटर! घर्षणाने उष्णता निर्माण होते, आणि मशीन एकाच जागी धरून ठेवले तर थर मऊ पडून करपतो.

दुसरा धोका कडांवर. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. सपाट बॉनेटवर गादी पूर्ण टेकते. पण दाराच्या कडेवर ती बोटभर पट्टीवरच टेकते. हाताचा जोर तोच, पण दाब कितीतरी पट. त्यात कडेवर रंग मुळातच पातळ असतो. क्षणात पारदर्शक थर संपतो, आणि मग पॉलिश नव्हे, पुन्हा रंगच द्यावा लागतो. म्हणून जाणकार कारागीर कडांवर आधी कागदी चिकटपट्टी लावतो, मशीन सतत हलते ठेवतो आणि आधी हातभर जागेवर सर्वांत सौम्य लेप वापरून पाहतो. काही मशीनांत गादी फिरता फिरता छोट्या वर्तुळात डोलतेही. त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. नवशिक्याने हेच मशीन वापरणे बरे.

पावसाचे कोडे

आता पहिले कोडे सोडवू. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. ओरखडे पाण्याने भरले, की वरचा पृष्ठभाग पाण्याचा, म्हणजे सपाट होतो. खालच्या ओरखड्यावरून किती प्रकाश परत फिरेल? ०.१७ भागिले २.८३, त्याचा वर्ग सुमारे ०.००३६. म्हणजे ४ टक्क्यांऐवजी फक्त ०.३६ टक्के, जवळजवळ अकरा पट कमी! ओरखडे होते तिथेच आहेत, पण दिसेनासे झाले.

ही युक्ती पावसापुरतीच नाही. तेलकट किंवा मेणकट लेप चोळला, तरी ओरखडे असेच बुजल्यासारखे दिसतात आणि दोन-चार धुण्यांनंतर परत येतात. जुनी मोटार विकत घेणारा यामुळे हमखास फसतो. प्रामाणिक कारागीर काम झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलाचा अंश पुसून टाकतो आणि मगच विजेरी लावून तपासतो.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले: तू मोटारीला चकाकी देत नाहीस, तिच्या शिलकीतून थोडा थर खर्च करून ती विकत घेतोस. पारदर्शक थरात ऊन सोसणारी द्रव्ये असतात. तो फार पातळ झाला, तर पुढे ऊन रंगाला खाते. म्हणून खर्च कमीत कमी कर. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग सर, गिऱ्हाइकाला आधी धुवायलाच शिकवायला हवे!" याहून चांगले उत्तर मलाही सुचले नसते.

करून पहा (पण घरच्या मोटारीवर नको!)

१. ओरखडे पडलेली पारदर्शक प्लॅस्टिकची जुनी पट्टी घ्या. त्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब पसरा. काय दिसते? मग साबणाने धुऊन पुन्हा पहा.

२. या मासिकाची ५० पाने एकत्र दाबून स्क्रू गेजने जाडी मोजा आणि एका पानाची जाडी मायक्रॉनमध्ये काढा. मोटारीचा पारदर्शक थर त्याहून जाड की पातळ?

३. ४५ मायक्रॉनच्या थरातून दर पॉलिशला ३ मायक्रॉन जातात आणि निदान ३० मायक्रॉन राखायचे आहेत, असे समजा. मोटारीच्या उभ्या आयुष्यात किती वेळा पॉलिश करता येईल?