चांदा पाहावयास जाताना

बेल्लमपल्लीहून आगगाडीने उत्तरेस निघाले, की कागजनगर मागे पडते, विरूरला महाराष्ट्राची हद्द लागते आणि बल्लारशाहच्या अलीकडे वर्धा नदीचा पूल येतो. हा राजुऱ्याचा मुलूख १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. पुढे थोड्याच अंतरावर गोंड राजांची राजधानी चांदा, म्हणजे १९६४ पासूनचे चंद्रपूर. तेथे सहलीस जाऊन केवळ देवदर्शन व फराळ उरकून परतणे योग्य नव्हे.

प्रथम नकाशा पाहावा. नगराच्या पश्चिमेस इरई, पूर्वेस झरपट. दोन्ही दक्षिणेस एकत्र होतात आणि पुढे वर्धेस मिळतात. या दोन प्रवाहांच्या बेचक्यात गाव वसले आहे. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशाहाने बल्लारपूरची राजधानी येथे आणली. झरपटेच्या पाण्याने त्याची व्याधी बरी झाली, आणि येथेच एका सशाने त्याच्या कुत्र्याचा पाठलाग केला; ससा धावला त्या मार्गाने तट आखला, अशी आख्यायिका आहे. कथा गोड आहे. पण तटावर उभे राहून दोन्ही नद्या शोधल्या, म्हणजे राजाने जागा का निवडली हे सशाच्या मदतीवाचूनही उमगते.

तट सावकाश पाहावा. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे चार दरवाजे. त्यांखेरीज पाच खिडक्या: चोर, विठोबा, हनुमान, मसण आणि बगड. एवढी नावे पाठ केली तरी गावाचे निम्मे जीवन कळते: कोण कोठून येई, प्रेत कोणत्या वाटेने नेत. दरवाजांवर हत्तीवर झेप घेणारा सिंह कोरला आहे. ते गोंडांचे राजचिन्ह. पठाणपुऱ्याकडे पुराची गोष्ट विचारावी. वर्धेस मोठा पूर आला, की इरईचे पाणी पुढे सरकत नाही. ते तुंबून मागे फिरते आणि सखल वस्तीत शिरते.

अचलेश्वर दरवाज्याजवळ राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील बीरशाहाची समाधी राणी हिराईने बांधविली. राजवाडे पुष्कळांनी बांधले. पतीमागे राज्य सांभाळून असे काम उभारणारी स्त्री विरळा. गोंडांची ही सत्ता १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेली आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला जिंकला. तेथील दगडांवर आपले नाव कोरण्याची हौस मुळीच करू नये. या तटाची झाडेझुडपे व कचरा काढण्यासाठी २०१७ पासून स्थानिक तरुणांनी कित्येक दिवस श्रमदान केले आहे.

महाकालीची यात्रा चैत्रात भरते. मराठवाड्यातून व तेलंगणातून यात्रेकरू येतात. त्या गर्दीत मराठी, तेलुगू व गोंडी या भाषा जवळजवळ ऐकू येतात, आणि आपल्यासारख्या सीमेवरच्या मुलांना तो आनंद अधिकच. मात्र झरपट पाहून मन खिन्न होते: जलपर्णीने व सांडपाण्याने तिचे पात्र कोंडले आहे. समुद्राकाठी वाढलेल्या माझ्यासारख्यास तर ही नदी आहे असे प्रथम वाटलेच नाही.

वेळ उरल्यास बाबूपेठेकडील प्रचंड पाषाणमूर्ती पाहाव्यात. परतीच्या गाडीत खिडकीपाशी बसावे. वर्धेच्या पुलाखालचे पाणी पुढे वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, आणि मंचेरियाल जिल्ह्याच्या पूर्व कडेने वाहत कालेश्वरपाशी गोदावरीत जाते.