क्लोरीन आहे, तरी शेवाळ का?

घरच्या पुलाला शेवाळ धरलं की बहुतेक जण क्लोरीनच्या आणखी वड्या टाकतात. दुकानदारही तेच सुचवतो. पण टेस्ट किटवर क्लोरीन पुरेसं दिसत असतानाही पाणी हिरवं होऊ शकतं आणि तशा वेळी टाकलेली प्रत्येक वडी दुखणं वाढवते. हे मला वेळेवर कोणी सांगितलं असतं, तर एक अख्खा पावसाळा निस्तरण्यात गेला नसता. बंगल्यात किंवा शेतघरात पूल असलेल्या प्रत्येकासाठी म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर कर्जतजवळ. पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे ४०,००० लीटर पाणी. मार्च ते मे पाणी अगदी नितळ होतं. फ्लोटरमध्ये क्लोरीनच्या वड्या असत, संपत आल्या की देखभाल करणारे मामा नव्या टाकत. जूनच्या पहिल्या वादळात वीज गेली, पंप बंद पडला आणि वीज परत येईपर्यंत पाण्यावर हिरवी झाक चढली. पायऱ्या बुळबुळीत झाल्या. मामांनी किटने पाणी तपासलं, तर क्लोरीन ३ पीपीएम, पीएच ७.६. दोन्ही आकडे नेमात बसणारे, आणि पाणी दर दिवशी जास्तच हिरवं.

त्या रविवारी पाहुण्यांची मुलं आली होती. ‘जरा हिरवं आहे इतकंच, खेळू दे की,’ असं घरातली मोठी माणसंही म्हणू लागली. मी एक पांढरी थाळी पाण्यात सोडली. दुसऱ्या पायरीच्या खाली ती दिसेनाशी झाली. जिथे थाळी दिसत नाही, तिथे तळाशी गेलेलं मूलही दिसणार नाही. त्यानंतर कोणी आग्रह केला नाही. गढूळ पाण्यात बुडणाऱ्याला काठावरच्या माणसाने पाहणं जवळजवळ अशक्य असतं. शेवाळाचा पहिला धोका हाच आहे, पोटाचे आणि कानाचे विकार त्यानंतर येतात.

आता कारण सांगते. आपल्याकडे मिळणाऱ्या पांढऱ्या वड्या बहुधा टीसीसीएच्या, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या असतात. या वडीतून क्लोरीन मिळतं, तसंच सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरतं. थोड्या प्रमाणात ते उपयोगीच असतं. उघड्या पुलातलं क्लोरीन कडक उन्हात काही तासांत उडून जातं, ते सायन्युरिक आम्ल धरून ठेवतं. ३० ते ५० पीपीएम एवढं ते पुरे. पण क्लोरीन खर्च होतं आणि सायन्युरिक आम्ल मात्र पाण्यातच साठत जातं. ते उन्हाने जात नाही, फिल्टरने जात नाही. जसजसं ते वाढतं, तसतसं ते क्लोरीनला बांधून ठेवतं आणि शेवाळ मारायला मोकळं क्लोरीन फारच थोडं उरतं. किट मात्र बांधलेलं क्लोरीनही मोजतं, म्हणून आकडा चांगला दिसतो.

हिशोब करून पाहा. २०० ग्रॅमच्या एका वडीतून ४०,००० लीटर पाण्यात साधारण पावणेतीन पीपीएम सायन्युरिक आम्ल जातं. दर दोन दिवसांनी एक वडी धरली, तर महिन्याला ४० च्या वर. तीन महिन्यांत १२० च्या पुढे. त्या पातळीला शेवाळ रोखण्यासाठी रोजचं क्लोरीनच ९ पीपीएम लागतं, कारण ते सायन्युरिक आम्लाच्या साडेसात टक्के तरी असावं लागतं. आमचं ३ होतं. वादळ आणि वीज हे केवळ निमित्त झालं.

हे कळण्याआधी एका दुकानदाराने आम्हाला निळसर औषध दिलं. त्यात तांबं होतं, मोरचुदात असतं तेच. शेवाळ थोडं ओसरल्यासारखं वाटलं, पण पाण्याला निळी-हिरवी छटा राहिली आणि पुढे क्लोरीन वाढवल्यावर पायऱ्यांवर काळपट डाग उमटले. पोहणाऱ्यांचे पिकलेले किंवा फिकट केस हिरवट होतात तेही या तांब्यामुळेच, क्लोरीनमुळे नव्हे. डाग आजही पूर्ण गेलेले नाहीत. तांब्याचं औषध घरच्या पुलात घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

न मोजता औषध घालण्याचा फटका मोठमोठ्यांनाही बसतो. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये मारिया लेंक जलतरण केंद्रातला डायव्हिंगचा तलाव सगळ्या जगासमोर हिरवागार झाला. पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं गेलं होतं, त्याने क्लोरीन निष्प्रभ झालं आणि शेवाळाला रान मोकळं मिळालं. शेजारच्या तलावाचं पाणी तर स्पर्धेच्या मध्यावर बदलावं लागलं. एकेक औषध चांगलं असून भागत नाही, ती एकमेकांना मारक ठरतात का हे पाहावं लागतं.

म्हणून पूल हिरवा झाला की आधी सायन्युरिक आम्ल मोजा. त्याचं किट वेगळं मिळतं. पाण्यात औषध मिसळलं की ते दुधाळ होतं, मग नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते ओतायचं आणि पातळी वाचायची. बहुतेक किटं १०० पर्यंतच मोजतात. आकडा तिथेच टेकला, तर नमुन्यात तेवढंच साधं पाणी मिसळून पुन्हा मोजा आणि उत्तर दुप्पट करा. आमचा आकडा असाच १२० निघाला.

सायन्युरिक आम्ल वाढलं असेल, तर पाणी बदलणं हा एकच खात्रीचा उपाय आहे. पण पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू नका. जमिनीखालचं पाणी वर आलेलं असतं, रिकाम्या टाकीला ते खालून उचलतं आणि टाकीला तडे जातात. एक तृतीयांश पाणी काढायचं, तेवढं भरायचं. असं तीनदा केल्यावर १२० चे ३५ च्या आसपास येतात. कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर ही भरणी पाऊसच करून देतो, टँकर लागत नाही. काढलेलं पाणी ओढ्यात, नदीत किंवा विहिरीजवळ सोडू नका. मासे क्लोरीनने मरतात आणि तांब्यानेही.

त्यानंतर शेवाळ मारायचं. पाने आणि गाळ जाळीने काढा. पीएच ७.२ वर आणा. हे आधीच करा, कारण क्लोरीन १० च्या वर गेलं की पीएचचं किट नीट रंग दाखवत नाही. मग ऊन उतरल्यावर द्रव क्लोरीन, म्हणजे आपण ज्याला हायपो म्हणतो ते, पाण्यात सोडा. पातळी सायन्युरिक आम्लाच्या ४० टक्के हवी. ते ४० असेल तर क्लोरीन १६ पीपीएम. ४०,००० लीटरला १ पीपीएम म्हणजे ४० ग्रॅम क्लोरीन. १० टक्क्यांच्या हायपोचे त्यासाठी ४०० मिली लागतात, म्हणजे १६ पीपीएमला साडेसहा लीटर. पाणी न बदलता १२० वरच हे करायचं म्हटलं असतं, तर १९ लीटर लागले असते आणि तेही रोज भर घालत. हायपो ताजं घ्या, सावलीत ठेवा. उन्हात पडलेल्या कॅनमधलं क्लोरीन झपाट्याने कमी होतं. ब्लीचिंग पावडरच वापरायची झाली, तर बादलीत कालवून ठेवा आणि फक्त वरची निवळी घाला, नाहीतर चुन्याने पाणी दुधाळ होतं.

एकदा ओतून काम संपत नाही. शेवाळ मरताना क्लोरीन खातं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा मोजून ते पातळीवर ठेवावं लागतं. पंप चोवीस तास चालू ठेवा. भिंती, कोपरे, शिडीच्या मागची बाजू, दिव्यांच्या खोबणी, स्किमरचं तोंड ब्रशने घासा. मेलेलं शेवाळ फिल्टरमध्ये अडकतं. प्रेशर गेजचा काटा स्वच्छ फिल्टरच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआयने चढला की बॅकवॉश करा. पाणी आधी हिरव्याचं राखाडी, दुधाळ होतं, मग निवळतं. मधल्या टप्प्यावर घाबरून आणखी औषधं घालू नका. तुरटीने तळाशी बसवलेला गाळ व्हॅक्यूमने काढायचा असेल, तर व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवा, म्हणजे तो फिल्टरमध्ये परत जाणार नाही.

शेवाळ खरंच संपलं का, याची कसोटी सोपी आहे. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजा, उजाडण्याआधी पुन्हा मोजा. रात्री ऊन नसतं. तरीही १ पीपीएमहून जास्त घट झाली, तर पाण्यात काहीतरी अजून जिवंत आहे. घट त्याहून कमी, पाणी नितळ आणि तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसते, असं तिन्ही जुळल्यावरच थांबा. क्लोरीन रोजच्या पातळीवर उतरेपर्यंत कोणालाही पाण्यात सोडू नका.

औषधं हाताळणाऱ्या माणसाची काळजी घ्या. आमचे मामा उघड्या हाताने वड्या टाकायचे. आता हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय मी त्यांना डब्याला हात लावू देत नाही. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. टीसीसीएच्या वड्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एका डब्यात, अगदी एका मापानेही मिसळले तरी भडका उडू शकतो. औषध पाण्यात घालावं, औषधावर पाणी कधीच ओतू नये.

पुन्हा शेवाळ धरू नये यासाठी रोजचं क्लोरीन हायपोतून द्या. वड्या बाहेरगावी जाताना तेवढ्या वापरा आणि किती टाकल्या ते वहीत लिहा. सायन्युरिक आम्ल महिन्यातून एकदा मोजा. पावसाळ्यात क्लोरीन रोज तपासा. वीज गेली तर क्लोरीन हाताने घालून ब्रशने पाणी ढवळा. लॉनला घातलेलं खत पावसाबरोबर पुलात उतरणार नाही असा उतार ठेवा.

पूल ही हौस आहे, पण तिच्यात आपली आणि दुसऱ्यांची मुलं उतरतात. नवं औषध विकत घेण्याआधी पाणी मोजा, आणि तळ दिसत नसेल तर कोणाच्याही आग्रहाला बळी न पडता पूल बंद ठेवा.