मीटरमध्ये तेल नको

आमच्या डिझेल जीपच्या पाटीवर अजून एमएच ३० आहे. गाडी घेतली तेव्हा आमचं मंगरूळपीर अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा झाला १९९८ साली. इतक्या वर्षांच्या गाडीचं मूळ स्पीडोमीटर चालतं राहावं, असं मला मनापासून वाटतं. एका मार्चमध्ये ते किरकिरायला लागलं. गॅरेजमधल्या मिस्त्रीने केबल सोडवली आणि मीटरच्या मागच्या भोकातून तेल सोडलं. "थेंबभर तेलानं काही होत नाही भाऊ." आवाज थांबला. मेच्या उन्हात तेच तेल पातळ होऊन डायलवर उतरलं आणि कारंज्याच्या रस्त्यावर गाडी पन्नाशीच्या आत असताना काटा ऐंशीवर जाऊन बसू लागला.

गिअरकडून येणारी केबल मीटरमधलं चुंबक फिरवते. चुंबकावर अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, पण ती त्याला कुठेही टेकत नाही. चुंबक फिरलं की वाटीत वीजप्रवाह उमटतात, त्यांच्या ओढीने वाटी वळते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला आवरून धरते. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये या मीटरचं पेटंट घेतलं. यातली सगळी करामत त्या मोकळ्या फटीत आहे. तिथे तेल शिरलं की ते वाटीला सोबत ओढतं आणि काटा खोटं बोलतो.

म्हणून किरकिर ऐकू आली की आधी केबल बघा. आतली तार काढून डिझेलने धुवा, काचेवर लोळवा. ती उड्या मारत असेल तर वाकलेली आहे, बदलून टाका. ग्रीस हलक्या हाताने लावा आणि मीटरकडचा वीतभर भाग कोरडा ठेवा, कारण फिरत्या तारेवरून वंगण वर चढतं.

मीटर उघडावंच लागलं तर ग्राइंडरजवळ मुळीच बसू नका. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही. काटा उपटण्याआधी त्याला टेकणीच्या खिळ्यावरून अलगद उचलून पलीकडे सोडा. तो जिथे स्थिरावेल तिथे पेन्सिलीने खूण करा. स्प्रिंगचं खरं शून्य तेच. ही खूण नसेल तर नंतर काटा अंदाजाने बसवावा लागतो. साफसफाईचं काम मोटर मिस्त्रीपेक्षा बाजारातल्या घड्याळवाल्याचा हात चांगलं करतो. आमच्या मीटरमधलं तेल त्यानेच काढलं. डायलला मात्र थिनर, पेट्रोल काहीच लावायचं नाही. छापलेले आकडे पुसले गेले की पुन्हा तसे येत नाहीत, आणि मला सर्वांत जास्त जीव लागतो तो त्यांचाच. मऊ कोरडा ब्रश पुरे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली लष्करी जीप असेल तर अंधारात चमकणाऱ्या आकड्यांत रेडियम असू शकतं. चमक गेली तरी किरणोत्सार शेकडो वर्षं राहतो. ती काच उघडू नका, रंग खरवडू नका.

मीटर परत जोडण्याआधी ड्रिल मशीनवर तपासा, फिरण्याची दिशा मात्र केबलचीच हवी. काही डायलवर दर किलोमीटरमागचे फेरे बारीक अक्षरात छापलेले असतात. ते १००० असतील तर मिनिटाला हजार फेऱ्यांवर काटा ६० दाखवायला हवा. ड्रिलवर बरोबर आणि रस्त्यावर कमी दाखवत असेल तर स्प्रिंगला हात लावू नका, आधी टायरचं माप बघा. मूळ मापापेक्षा मोठे टायर घातले की असं होतं.