पैज कथेतली, फ्यूज मात्र खरा

प्रश्न : 'टेन सेकंड्स टू हेल' हा जुना चित्रपट पाहिला. युद्धानंतरच्या बर्लिनमध्ये बॉम्ब निकामी करणारे सोबती 'जो जगेल त्याला पैसे' अशी पैज लावतात. असं खरंच घडतं का? आणि एकाच बॉम्बला दोन फ्यूज असतात का?
— एक वाचक, पुसेगाव (ता. सेनगाव, जि. हिंगोली)

उत्तर : पैज कथेतली आहे. रॉबर्ट ऑल्ड्रिच यांचा 1959 चा हा चित्रपट लॉरेन्स बाकमन यांच्या 'द फिनिक्स' या कादंबरीवर बेतलेला. जॅक पॅलन्स आणि जेफ चँडलर यांच्यातली चुरस पडद्यावर रंगते. पण या कामाची शिस्तच अशी की बॉम्बपाशी शक्यतो एकट्यानं जायचं आणि बाकीच्यांनी लांब थांबायचं. तिथं चुरस कुणाशी करणार? खरा सामना असतो तो फ्यूज बनवणाऱ्याशी.

आणि तो माणूस पाताळयंत्री असे. ब्रिटिशांच्या काही बॉम्बमध्ये ॲसिटोनची काचेची कुपी असायची. बॉम्ब टाकला की कुपी फुटायची, ॲसिटोन सेल्युलॉइडच्या चकतीवर झिरपायचं, चकती विरघळली की अडवून धरलेली टाचणी सुटायची आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी स्फोट व्हायचा. फ्यूज उलटा फिरवून काढू गेलात तरीही स्फोट, अशी जादा कळ आत बसवलेली. जर्मनांनीही आपल्या फ्यूजखाली अशीच कळ लपवली होती. म्हणजे तुमची दुसरी शंका रास्त आहे. बॉम्ब जमिनीत नाक वर करून रुतला, तर ॲसिटोन चकतीपासून दूर ओघळतं आणि चकती तशीच राहते. असे बॉम्ब जर्मनीत आजही सापडतात. 2010 मध्ये ग्योटिंगेनला एक निकामी करण्याच्या तयारीत असताना तीन जाणकार दगावले.

आपल्याकडचं म्हणाल, तर 12 मार्च 1993 च्या मुंबई स्फोटांनंतर दोनच दिवसांनी नायगावात आरडीएक्स भरलेली बेवारस स्कूटर सापडली. ती निकामी केली मेजर वसंत जाधव यांनी. भर वस्तीतलं हे काम. त्यावर चित्रपट का निघू नये?

त्याआधीचं मोठं नाव प्रेमिंद्रसिंह भगत यांचं, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे. 1941 च्या फेब्रुवारीत ॲबिसिनियाच्या मोहिमेत त्यांनी चार दिवसांत 55 मैलांच्या वाटेवरची 15 सुरुंगक्षेत्रं साफ करवली. त्यांची गाडी दोनदा सुरुंगानं उडाली, सोबतचे पडले, कानाचा पडदा फाटला, तरी ते दुसऱ्याच्या हाती काम द्यायला तयार नव्हते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले.