चेहऱ्यावरची सूज : नोंद कच्ची तर कोडही कच्चा

कापडाच्या पेढीवर बसून आम्ही आज इस्पितळाच्या कागदांबद्दल लिहीत आहोत, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु मेडिकल कोडिंग हा आता मोठा रोजगार झाला आहे. पुणे, मुंबई, हैदराबाद, चेन्नई येथील कंपन्यांत आपली मुले-मुली अमेरिकेतील इस्पितळांचे कागद वाचतात आणि प्रत्येक आजाराला ठरलेला क्रमांक देतात. निदानाचा क्रमांक आणि उपचाराचा क्रमांक यांचा मेळ बसला, तरच तिकडची विमा कंपनी बिल मंजूर करते. हे काम कसे चालते, ते आपण चेहऱ्यावरच्या सुजेच्या एकाच उदाहरणावरून पाहू.

आधी आमच्या धंद्यातला दाखला घेऊ. जीएसटीच्या बिलावर कापडाचा एचएसएन क्रमांक टाकावा लागतो. ज्या सुती कापडात कापूस ८५ टक्के किंवा अधिक आहे आणि वजन चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत आहे, ते ५२०८ मध्ये जाते. वजन २०० ग्रॅमच्या वर गेले की ५२०९ लागतो. चलनावर नुसते ‘कापड, ४० तागे’ असे लिहून आले, तर मुनीमजी क्रमांक टाकणार कसा? अंदाजाने टाकला तर दोष दोघांचाही. इस्पितळात डॉक्टर चलन लिहिणारा आणि कोडर मुनीमजी, असे समजा.

क्रमांक आले कोठून?

१८९३ साली जाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. तिच्यातूनच आजची यादी वाढत गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तिची दहावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-१०, मंजूर केली. अमेरिकेने तिच्यात आपली भर घालून आयसीडी-१०-सीएम तयार केली आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून बिलांसाठी लागू केली. संघटनेची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली, तरी अमेरिकन बिले अजून याच दहाव्या यादीवर चालतात.

सूज एक, खाती अनेक

• कारण कळले नाही, नुसती सूज किंवा गाठ आहे : आर २२.०
• दाताच्या मुळाशी पू झाला आहे, पण बाहेर वाट फुटलेली नाही : के ०४.७
• चेहऱ्याच्या कातडीखाली जंतुसंसर्ग पसरला आहे, म्हणजे सेल्युलायटिस : एल ०३.२११
• ओठ, डोळे, जीभ अचानक फुगतात तो अँजिओएडिमा : टी ७८.३
• हाच त्रास आनुवंशिक असेल तर : डी ८४.१
• पापणीची सूज : उजवी वरची एच ०२.८४१, डावी वरची एच ०२.८४४

आरशात सारे चेहरे सारखेच सुजलेले दिसतील, पण प्रत्येकाचे खाते वेगळे आहे. डॉक्टरांनी फक्त ‘चेहऱ्यावर सूज’ एवढेच लिहिले, तर कोडरला आर २२.० च्या पुढे जाता येत नाही. उपचार दाताच्या गळवाचा आणि क्रमांक नुसत्या सुजेचा, असे झाले की बिल अडकते.

चार नियम ध्यानात ठेवा

१. बाह्यरुग्ण विभागात ‘बहुधा’, ‘शंका आहे’ असे लिहिलेल्या आजाराला क्रमांक देत नाहीत. तेथे लक्षणाचाच क्रमांक द्यायचा. दाखल रुग्णाच्या सुटीच्या वेळी मात्र इस्पितळासाठी वेगळा नियम आहे. तेव्हा संशयित निदानही आजार असल्याप्रमाणे नोंदता येते.

२. निदान पक्के झाले आणि सूज त्या आजाराचाच भाग असेल, तर सुजेचा क्रमांक वेगळा लावायचा नाही.

३. योग्य मात्रेत घेतलेल्या औषधाने सूज आली असेल, तर दोन क्रमांक लागतात. आधी परिणामाचा, मग औषधाचा. रक्तदाबाच्या ‘एस इनहिबिटर’ गोळीने अँजिओएडिमा झाला आणि त्यावर उपचार चालू आहेत, तर आधी टी ७८.३एक्सएक्सए आणि नंतर टी ४६.४एक्स५ए.

४. नोंद अपुरी असेल तर कोडरने स्वतः तर्क करू नये. डॉक्टरांना लेखी विचारावे, आणि तेही सरळ : ‘सुजेचे कारण कृपया नोंदवावे.’ ‘हा अँजिओएडिमाच आहे ना?’ असे उत्तर तोंडात घालून विचारणे मना आहे.

हे सारे केवळ पैशाचे आहे असे कोणी समजू नये. आमच्या थोरल्या भावांना रक्तदाबासाठी रॅमिप्रिलची गोळी चालू होती. एके सकाळी त्यांचे ओठ फुगले. जवळच्या दवाखान्यात ॲलर्जीचे इंजेक्शन दिले आणि कागदावर ‘चेहऱ्यावर सूज’ इतकेच लिहिले. कोणती औषधे चालू आहेत ते त्यांनी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. गोळी चालूच राहिली. तीन आठवड्यांनी मध्यरात्री जीभ सुजली आणि त्यांना बोलता येईना. दुसऱ्या इस्पितळात डॉक्टरांनी सर्वांत आधी औषधांची पिशवी मागितली. ही सूज अशा गोळीने महिनोन्‌महिने, कधी वर्षांनंतरही येऊ शकते. तिच्यामागे ब्रॅडिकायनिन असते, म्हणून ॲलर्जीच्या इंजेक्शनाचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही, असे त्यांनी आम्हांस समजावले. गोळी बदलली आणि कागदावर औषधाचे नाव कारण म्हणून ठळक लिहिले. भाऊ बरे झाले. पहिल्या कागदावर तीच एक ओळ असती तर ती रात्र आली नसती.

म्हणून वाचकांना आमचे सांगणे असे. घरात कोणाचा चेहरा सुजला तर सूज केव्हापासून, कोणत्या बाजूला, ताप, दातदुखी किंवा खाज आहे का आणि कोणती औषधे चालू आहेत, हे सारे डॉक्टरांना सांगावे आणि कागदावर उतरवून घ्यावे. जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, तर कागदासाठी थांबू नये, तडक इस्पितळ गाठावे. आपल्याकडेही आरोग्य विम्याच्या दाव्याच्या अर्जात इस्पितळाने भरायच्या भागात आयसीडी-१० क्रमांकाची जागा असते. सही करण्यापूर्वी तेथे काय लिहिले आहे ते विचारावे.

आणि या धंद्यात उतरणाऱ्या तरुणांनो, क्रमांक पाठ करणे हे काम अर्धेच आहे. शरीररचना शिका, डॉक्टरांची नोंद शेवटपर्यंत वाचा आणि जे लिहिलेले नाही ते आपल्या मनाने भरू नका. अडलेला पैसा उशिरा का होईना सुटतो, पण चुकीची नोंद रोग्याच्या पुढच्या प्रत्येक कागदावर त्याच्यामागे फिरत राहते.