पायांचा निळा रंग येतो कुठून?

प्रश्न : गालापागोस बेटांवरच्या एका माहितीपटात निळ्या पायांचा पक्षी नाचताना दिसला. त्याचे पाय खरेच इतके निळे असतात का? आणि तो आपल्या समुद्रावर कधी येतो का?

उत्तर : पाय खरेच तितके निळे असतात. हा निळ्या पायांचा बूबी. आकाराने बदकापेक्षा मोठा, चोच लांब आणि टोकदार, पाठ व पंख तपकिरी, पोट पांढरेशुभ्र, डोक्यावर फिकट रेघा आणि डोळे पिवळे. पंख पसरले की दीड मीटर भरतात. पायांवर नजर गेली नाही, तर रंगीत म्हणावे असे त्याच्या अंगावर फार काही नाही. सगळी शोभा पायांत आहे आणि ती शोभा त्याला सतत कमवावी लागते.

या निळाईचे दोन धागे आहेत. एक म्हणजे कातडीतल्या कोलॅजनच्या तंतूंची रचना. प्रकाश त्यांच्यावरून असा विखुरतो, की पाय निळे दिसतात. दुसरा धागा पिवळ्या रंगद्रव्याचा. गाजराला ज्या कुळातल्या द्रव्यांमुळे रंग येतो, त्याच कुळातले हे कॅरोटिनॉइड. पक्ष्याचे शरीर ते तयार करू शकत नाही, ताज्या मासळीतूनच ते मिळते. पिवळ्याची ही झाक मिसळली, की निळा रंग उजळून फिरोजी होतो.

मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या इसाबेल बेटावर आल्बेर्तो वेलांदो, रोक्साना तोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. नरांना ४८ तास उपाशी ठेवले, तर पाय मळकट झाले. पुन्हा ताजे मासे दिले, तर रंग परत चढला. पिसांचा रंग पिसे झडून नवी येईपर्यंत तोच राहतो, मग पक्षी मधल्या काळात आजारी पडो की उपाशी राहो. पाय मात्र या दोन दिवसांतली खबर देतात. मादीच्या दृष्टीने यापेक्षा भरवशाचा दाखला कोणता?

पुढचा प्रयोग मला याहूनही थक्क करणारा वाटतो. मादीने पहिले अंडे घातल्यावर संशोधकांनी काही नरांचे पाय रंग लावून निस्तेज केले. त्या नरांच्या माद्यांनी दुसरे अंडे लहान घातले. म्हणजे जोडी जमल्यावरही मादी नराच्या पायांकडे लक्ष ठेवून असते आणि पोटातले अन्न कुठे किती खर्च करायचे, हे त्यावरून ठरवते. हा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता तुम्ही पाहिलेल्या नाचाकडे वळू. नर एक पाय उचलून बाहेरच्या बाजूला तिरपा दाखवतो, तो टेकवतो, मग दुसरा. लय संथ असते. मध्येच शेपटी उभारून, पंख वळवून, चोच थेट आकाशाकडे रोखतो आणि शीळ घालतो. मादीचा आवाज वेगळा, भसाडा. नर तिच्यापुढे एखादी काटकी किंवा खडा आणून ठेवतो. गंमत अशी, की काड्यांचे घरटे हे पक्षी बांधतच नाहीत. उघड्या जमिनीवरचा उथळ खळगा एवढेच त्यांचे घर. त्याच्याभोवती विष्ठेचे पांढरे कडे तयार होते.

हेच पाय अंडी उबवायलाही कामी येतात. उबवणाऱ्या पक्ष्यांच्या पोटाखाली सहसा पिसे नसलेला उबदार भाग असतो, बूबीला तो नसतो. तो पातळ पडद्याचे रुंद पाय अंड्यांवर ठेवून ऊब देतो. साधारण ४१ दिवस नर-मादी आळीपाळीने हे काम करतात. बहुधा अंडी दोन असतात आणि ती काही दिवसांच्या अंतराने घातली जातात, म्हणून पहिले पिल्लू दुसऱ्यापेक्षा थोराड असते. मासळी कमी पडली, तर थोरले धाकट्याला टोचून, कोंडीत धरून उपाशी मारते. वाचायला हे क्रूर वाटते, पण दोघेही मरण्यापेक्षा एक वाचते.

म्हणजे सारे येऊन थांबते मासळीपाशी. हा पक्षी उंचावरून पंख मागे घेऊन बाणासारखा पाण्यात घुसतो. बाहेरच्या नाकपुड्या बंद असल्याने नाकात पाणी शिरत नाही, श्वास तो तोंडाच्या कोपऱ्यातून घेतो. कॅलिफोर्नियाच्या आखातापासून पेरूपर्यंतचा पॅसिफिक किनारा हा त्याचा मुलूख. वीण करणाऱ्या जोड्यांपैकी सुमारे निम्म्या इक्वाडोरच्या गालापागोस बेटांवर असतात. तिथे लाल पायांचा बूबी दूर खोल समुद्रावर मासेमारी करतो, निळ्या पायांचा किनारा धरून राहतो. किनाऱ्याजवळची तारली घटली, की त्याला दुसरा आधार उरत नाही. २०११ ते २०१३ दरम्यान झालेल्या पाहणीत गालापागोसमध्ये सुमारे ६,४०० पक्षीच आढळले, १९६०च्या दशकातल्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी. पुरेशी तारली मिळत नसल्याने जोड्या वीणच करीनाशा झाल्या आहेत, असे अभ्यासकांचे मत आहे. समुद्रात मासळी किती आहे, याचे इतके उघड मोजमाप दुसरे क्वचितच असेल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. निळ्या पायांचा बूबी भारतात येत नाही. पण त्याचा भाऊबंद, काळ्या मुखवट्याचा बूबी, पावसाळी वादळात भरकटून थकलेल्या अवस्थेत कोकण किनाऱ्यावर पडलेला सापडतो. असा पांढरा-काळा, लांब चोचीचा मोठा पक्षी वाळूवर दिसला, तर त्याला परत पाण्यात ढकलू नका आणि बळेच काही खाऊ-पिऊ घालू नका. चोचीपासून डोळे सांभाळून त्याच्यावर कापड टाका, हवेशीर खोक्यात ठेवा आणि वन विभागाला कळवा.